सहा मिलिमीटरचं भोक

कारेगाव,
४ ऑक्टोबर २०२५

दादा,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दामच लिहिलं नाही.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस. अनितावहिनीच्या फोनवरून लावला तर "कामात हाय" म्हणून तिच्या हातात परत दिलास. म्हणून पत्र. केडगावचा पोस्टमन तुझ्या वर्कशॉपच्या दारात रोज चहाला थांबतो, त्यामुळे पत्र मिळालं नाही असं तुला म्हणता यायचं नाही.

आधी ड्रिलचं सांगते. काल आबांचा वडगावहून फोन होता. "दसऱ्याला पुजलेलं हत्यार घरातनं बाहेर न्यायचं नसतं, पोरी. इक्रमदादाचं मशीन परत देऊन टाक." होय, ते माझ्याकडे आहे. खोलीत गॅसच्या शेजारी ठेवलंय. त्यावरचं हळदकुंकू अजून तसंच आहे. मी ते देणार नाही.

दसऱ्याला काय झालं ते तू गावभर सांगितलंस. "कंपनीत लागल्यापासनं डोक्यात हवा गेली, पूजेतलं मशीन उचललं, गिऱ्हाइकासमोर अब्रू काढली." तिघांनी मला हेच, याच शब्दांत ऐकवलं. आता जे झालं ते मी लिहिते. खोटं असेल तिथे लाल पेनाने खूण करून परत पाठव.

मी सकाळी आपट्याची पानं घेऊन वर्कशॉपवर आले. तुझी सगळी हत्यारं पाटावर रांगेत मांडली होती, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, कटर, ड्रिल. त्यांच्यावर आबांच्या रानातल्या झेंडूच्या माळा. मधोमध तुझ्या गिऱ्हाइकाची, दौंडच्या स्वराजची जीप. लष्कराच्या लिलावातली, माझ्यापेक्षा वयाने मोठी. आणि तिच्यावर काळा रोल केज, मी कागदावर काढलेला. जीप उलटली तर आतल्या माणसांच्या डोक्यावर सगळं कोसळू नये म्हणून पाइपांचा पिंजरा करतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तू ते उभं केलंस. वेल्डिंगची शिवण इतकी एकसारखी होती की मी पाच मिनिटं तिच्यावर बोट फिरवत राहिले. हे मी कुणापुढेही कबूल करेन.

मग मी डाव्या मागच्या खांबाच्या पायाशी वाकून बघितलं. ड्रॉइंगमध्ये तिथे एक भोक आहे, सहा मिलिमीटरचं. तपासायला येणारा माणूस त्यातून पाइपची जाडी मोजतो. दुसरं काहीच काम नाही त्याचं. केजवर ते भोक नव्हतं.

"दादा, भोक कुठंय?"

"पाणी जातं त्यात, गंजतंय. न्हाई ठिवलं."

"मग आता पाडू."

"आज? दसरा हाय आज. हत्याराला हात लावायचा नसतो."

"गाडी आजच न्यायचीय ना?"

"न्हेतोय की तो. तुझ्या एका भोकावाचून अडलीय व्हय गाडी?"

सगळे हसले. स्वराज हसला, त्याचे दोस्त हसले. तूही हसलास, पण माझ्याकडे बघून नाही. तू पाटाकडे बघत होतास. तेव्हाच मला कळलं.

म्हणून मी ड्रिल उचललं. माळ तुटून खाली पडली, हे खरं. मी भोक पाडलं, वाकवलेली तार आत घालून जाडीची खूण घेतली आणि व्हर्नियरवर धरली. मी तीन मिलिमीटर लिहिलं होतं. आले पावणेदोन. आणि ड्रिलच्या टोकाशी निघालेल्या चुऱ्यात पांढरी चमक होती. जस्ताची.

तो आपल्या पॉलिहाऊसचा पाइप आहे, दादा. आबांनी जरबेरा लावायचं सोडलं आणि घराच्या मागे जे पाइप रचून ठेवले, तोच. लहानपणी मी त्यावर बसून अभ्यास केलाय. मला तो डोळे मिटूनही ओळखू येईल.

स्वराजने विचारलं, "काय झालं, ताई?" तू माझ्या आधी बोललास. "काय न्हाई रे. आमच्या प्राजूची परीक्षा अजून संपली न्हाई." पुन्हा हसणं. मी बोलणार तेवढ्यात आबांनी दंड धरून मला मागे ओढलं. नारळ फुटला आणि जीप दौंडच्या रस्त्याला लागली.

सोळा नोव्हेंबरला स्वराज त्या जीपने डोंगरातल्या स्पर्धेत उतरणार आहे. तिथे गाड्या उलटतात. उलटतात म्हणूनच तर केज लावतात.

तुला २ नोव्हेंबरपर्यंत वेळ देते. तू स्वतः स्वराजला सांग की हा केज काढायचा आणि सीमलेस, म्हणजे बिनजोडाच्या पाइपचा नवा बांधायचा. तू सांगितलंस तर मी गावात एक शब्द बोलणार नाही. नाही सांगितलंस तर मी सांगेन.

प्रांजल


कारेगाव,
१२ ऑक्टोबर २०२५

दादा,

तू पत्र फोडलं नाहीस असं वहिनी म्हणाली. "वेल्डिंग मशीनखाली सरकवलंय त्यांनी, धूळ खातंय." ठीक आहे. पत्र वाचत नाहीस, लोखंड तरी वाच. म्हणून या पत्रासोबत पार्सलमध्ये दोन तुकडे पाठवते आहे.

चपटा झालेला तुकडा तुझा आहे. दसऱ्याला तुझ्या भंगारातून उचलला होता. दुसरा सीमलेसचा आहे, आमच्या टूलरूमच्या सत्यजीत सरांनी दिला. दोन्ही एकाच लांबीचे कापले आणि एकाच हायड्रॉलिक प्रेसखाली, एकाच दाबाला ठेवले. सीमलेस थोडा अंडाकृती झाला आणि थांबला. तुझ्या पाइपची जोडाची रेघ उभी फाटली. हात लावू नकोस, धार आहे. सत्यजीत सरांनी विचारलं, "हे कुठल्या ट्रॉलीचं आहे?" मी म्हटलं, "ट्रॉलीचंच." माझ्या तोंडून तुझं नाव निघालं नाही. याचं मला आता वाईट वाटतं.

तू काय म्हणणार तेही मला माहीत आहे. ऑगस्टमध्ये मी ड्रॉइंग आणलं तेव्हाच म्हणाला होतास. "पॉलिहाऊसनं दोन वादळं झेलली, प्राजू. शेजाऱ्यांचे पत्रे उडून नदीत गेले, आपला एक पाइप हालला न्हाई. जीप काय वाऱ्यापेक्षा मोठी हाय?" मला वाटलं गंमत करतोस. तुला ते खरंच वाटतं हे आता कळतंय. म्हणून एकदा नीट सांगते. वारा सगळ्या कमानींवर मिळून भार टाकतो, शंभर पाइप तो वाटून घेतात. जीप उलटते तेव्हा दीड टन वजन एका कोपऱ्यावर, एका दगडावर, एका क्षणात येतं. तिथे वाटून घ्यायला दुसरं कुणी नसतं. त्या कोपऱ्याखाली माणसाचं डोकं असतं.

हे तुला समजत नाही असं मी कधीच म्हणणार नाही. उसाच्या ट्रॉलीचा धुरा नुसता बघून कुठे मोडेल ते तू सांगतोस. म्हणूनच राग जास्त येतो. तू अडाणी असतास तर मी एवढी चिडले नसते.

आता आबांचं. त्यांनी मला काल पाऊण तास ऐकवलं. "ज्यानं तुझ्यासाठी शाळा सोडली त्याच्यावर उलटलीस." आबांना मी काही बोलले नाही, तुला बोलते. तू माझ्यासाठी शाळा सोडली नाहीस, दादा. तू दहावीला गणितात दोनदा नापास झालास, तिसऱ्यांदा फॉर्म भरायला गेलास तो थेट चौफुल्याच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन बसलास, आणि संध्याकाळी घरी आलास तेव्हा चेहरा काळा झालेला असूनही तू इतका खूश होतास की आई रागवायचं विसरली. मी सहावीत होते, मला आठवतंय. तुला ते काम आवडलं होतं. पुढे मी इंजिनिअरिंगला गेल्यावर गावाने त्याला 'त्याग' म्हणायला सुरुवात केली आणि तू काही बोलला नाहीस. मीही बोलले नाही. भाषणात शोभून दिसत होतं ते, आमच्या कॉलेजात पहिल्या पिढीच्या पदवीधरांचा सत्कार झाला तेव्हा. तुझं नाव घेऊन मी रडले होते तिथे. आता लाज वाटते.

तुझा खरा मान तो नाही. तुझा मान त्या शिवणीत आहे. ती शिवण तू फाटक्या पाइपावर घातलीस.

तीन आठवडे उरलेत.

प्रांजल


वडगाव रासाई,
२४ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल भाऊबीज. मी सकाळपासून घरी होते. आईने पाट मांडला, दिवा लावला, तू येशील म्हणून दोनदा तेल घातलं. बारा वाजता वहिनी एकटी आली. "ट्रॉलीचं अर्जंट काम निघालं." दिवाळीत, भाऊबीजेला, ट्रॉलीचं काम. आईने पाट उचलला. मला ओवाळायची एवढी हौस नव्हती, पण आईच्या हातातला तो पाट मला बघवला नाही.

जेवताना आबा म्हणाले, "मशीन घेऊन आलीस का?"

"नाही."

"इंजिनिअर झाली आन् चोर झाली."

वहिनीला ठसका लागला. मला वाटतं ती हसत होती. नंतर भांडी घासताना ती म्हणाली, "तो चपटा तुकडा हाय नव्हं, तुमी पाठीवलेला, त्यो त्यांनी गल्ल्यावर ठेवलाय. गिऱ्हाईक इचारतंय, ह्ये काय? तर म्हंत्यात, नमुना हाय. येता-जाता हातात घेत्यात. परवा त्यानं आंगठा कापला." मी विचारलं, "काही बोलला?" वहिनी म्हणाली, "त्ये कवा बोलत्यात?"

म्हणजे तू वाचलंयस. पत्र नाही, पण तुकडा वाचलास. तरी स्वराजला सांगितलं नाहीस.

आता हे वाच. मला काल दुपारी एक मेसेज आला. जसाच्या तसा उतरवते.

"नमस्कार प्रांजलताई, मी राजनंदिनी, स्वराजदादाची बहीण. एफ.वाय.ला आहे. १६ तारखेला मी दादाच्या शेजारी को-ड्रायव्हर म्हणून बसणार. आई अजिबात नको म्हणत होती. मग दादाने तुमच्या सहीचा कागद दाखवला. आई म्हणाली, शिकलेल्या पोरीनं सही केलीय, मग बस. थँक्यू ताई. आमच्या घरात मी पहिली मुलगी जी अशा गाडीत बसणार."

मी तिला काय उत्तर दिलं असेल? काहीही नाही. दोन निळ्या खुणा तिला दिसल्या असतील आणि ती वाट बघत असेल.

दादा, मी कंपनीत रोज शंभर पार्ट तपासते. जरासा फरक असला तर लाल पट्टी लावते आणि बाजूला काढते. ऑपरेटर वैतागतात, "मॅडम, चलता है ना." मी म्हणते, नहीं चलता. त्या मुलीच्या गाडीला लाल पट्टी कोण लावणार?

नऊ दिवस.

प्रांजल


कारेगाव,
२ नोव्हेंबर २०२५

दादा,

आज रविवार. तुझी मुदत संपली. सकाळी मी स्वराजला फोन करून नुसतं विचारलं, "विक्रमदादाचा काही निरोप?" तो म्हणाला, "न्हाई ताई. का? स्टिकर लावायचं राहिलंय, त्येच का?"

तर तू सांगितलं नाहीस. मी उद्या रजा टाकून दौंडला जाते आहे. पण जाण्याआधी तुला एक लिहायचंय. पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं, खोटं असेल तिथे लाल खूण कर. तू केली नाहीस. मग मीच करते.

दसऱ्याला आबांनी माझा दंड धरला, हे खरं. पण त्यांनी तो लगेच सोडलाही. नारळ फुटायच्या आधीच. जीप फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी ओरडू शकले असते. ओरडले नाही. कारण त्या जीपच्या खणात माझ्या सहीचा कागद होता. "सदर रोल केज माझ्या ड्रॉइंगप्रमाणे व नमूद केलेल्या पाइपने बांधला असून मी तो तपासला आहे." खाली प्रांजल, बी.ई. मेकॅनिकल. मी तो सप्टेंबरात, केज न बघता, वहिनीच्या हाती पाठवला होता.

आणि न बघता म्हणजे न कळता नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला होता. तू रात्री हुडहुडी भरून पडलास, अंग तापलं, तोंडाला गोडसर चव येतेय म्हणालास. घरात सगळ्यांना डेंग्यूची भीती. सकाळी उठलास तर ताप गेला. दुसऱ्या दिवशी काम केलंस, रात्री परत तेच. वहिनीने मला विचारलं, "तुमी शिकलेल्या, कशाचा ताप आसंल?" मी म्हटलं, "दूध द्या त्याला, आणि काम करताना दार उघडं ठेवा." एवढंच.

मला माहीत होतं, दादा. आम्हाला तो धडाच होता. जस्ताचा थर असलेला पाइप वेल्ड केला की जो पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की असाच ताप येतो. गोड चव, थंडी, सकाळी साफ. सीमलेस पाइपावर जस्त नसतं. मी वहिनीशी बोलत असतानाच माझ्या डोक्यात आलं होतं की तू दुसरा पाइप लावतोयस. कुठला, तेही आलं होतं.

मी गप्प बसले. कारण त्याच आठवड्यात तू वर्कशॉपवर नवा बोर्ड लावला होतास. 'डिझाइन : इंजि. प्रांजल, बी.ई.' निळ्यावर पिवळी अक्षरं, तुझ्या नावाच्या वर. आबा वडगावहून जो भेटेल त्याला गाडीवर बसवून केडगावला न्यायचे, बोर्ड दाखवायला. आईला वाचता येत नाही, तिने त्या पिवळ्या रंगावर हात फिरवला. मला वाटलं, आपण चुकत असू. मला वाटलं, विचारलं तर तू चिडशील आणि बोर्ड उतरवशील. तुझ्या तब्येतीचीसुद्धा मी फिकीर केली नाही. मला तो बोर्ड हवा होता.

म्हणून मी तुला महिनाभर शिव्या घालते आहे तो राग सगळा तुझ्यावरचा नाही. अर्धा तरी माझ्यावरचा आहे. पण अर्धा तुझ्यावरचाही आहेच, तो कमी झालेला नाही. तू पाइप बदललास. मी सही केली. यातलं जास्त वाईट कोणतं ते मला ठरवता येत नाही आणि तुझ्याकडून ठरवूनही घ्यायचं नाही.

उद्या मी दोन्ही सांगणार आहे.

प्रांजल


कारेगाव,
४ नोव्हेंबर २०२५

दादा,

जाऊन आले.

स्वराजच्या घरी सगळे होते. त्याचे वडील बबनराव, आई शेवंताबाई, राजनंदिनी. जीप अंगणात, तिच्यावर नंबरचा स्टिकर लागलेला. मला बघून राजनंदिनी पळत आली आणि मला हाताला धरून जीपकडे न्यायला लागली, को-ड्रायव्हरच्या सीटवर तिने उशी शिवली होती ती दाखवायला. मी म्हटलं, "आधी घरात चल."

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर जमलं नसतं. पाइप कुठला, जाडी किती, प्रेसखाली काय झालं. मग माझ्या सहीचं. मग तापाचं. सगळं.

बबनराव म्हणाले, "म्हंजी सही करताना बी इंजिनिअर, आन् आता सांगताना बी इंजिनिअर. मदी कोण होतीस गं तू?"



स्वराज भिंतीला लाथ मारून बाहेर गेला, परत आला. "चार म्हैने राबलोय त्या गाडीवर मी! सोळा तारीख गेली माझी. इक्रमदादाला मी सख्ख्या भावावानी मानलं, आन् त्यानं मला फुलांचा मांडव बांधून दिला?"

"आता चौघांत बोलायचं व्हतं का ह्ये? फोन करायचा," बबनराव म्हणाले.

"फोनवर तुम्ही ऐकलं नसतं," मी म्हटलं.

"त्ये बी खरं."

राजनंदिनी दारात उभी होती. तिने एकच विचारलं. "मग तेव्हा का केली सही, ताई?"

"बोर्डावर माझं नाव होतं म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला समजलं असं मला वाटलं, आणि ते मला आवडलं नाही. तिला ते समजायला नको होतं.

शेवंताबाई आत गेल्या आणि जीपचे कागद ठेवलेली पिशवी घेऊन आल्या. माझी सही असलेला कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. "फाड तुझ्या हातानं." मी फाडला नाही. फाडला की तो कधी नव्हताच असं होतं. मी त्यावर आडवं लिहिलं, 'रद्द. केज तपासणी न करता सही केली होती.' तारीख घातली, सही केली, त्यांना परत दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत पिशवीत ठेवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "पोरीला दाखवाया."

निघताना स्वराज म्हणाला, "तुमच्या भावाला सांगा, गाडी त्याच्या दारात आणून लावतोय. त्यो कापंल, न्हाईतर मी कापंन, सगळ्या केडगावासमोर."

सांगितलं. आता तुझं तू बघ.

संध्याकाळी आबांचा फोन आला. बातमी माझ्याआधी वडगावला पोचली होती. "घरात तोंड दाखवू नको." आईला फोन दिला नाही त्यांनी.

मला पश्चात्ताप नाही.

प्रांजल


कारेगाव,
११ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझं पत्र आज मिळालं. पत्र म्हणायचं का त्याला? माझ्याच ड्रॉइंगच्या झेरॉक्सच्या पाठीवर चार ओळी, वेल्डिंगच्या खडूने लिहिल्यासारख्या.

"मागच्या कमानीचा वाक किती? झेराक्समधी आकडा गेलाय. शिमलेस पाइप पुण्यातनं सांगितलाय. ड्रिल आन."

ना नमस्कार, ना सही. माझ्या पाच पत्रांना हे उत्तर.

वहिनीने बाकीचं सांगितलं. स्वराज जीप घेऊन आला, मागे दहा मोटरसायकली. सगळ्यांना वाटलं मारामारी होणार. तू गल्ल्यावरचा तो चपटा तुकडा उचलून स्वराजच्या हातात दिलास, गॅस कटर पेटवलास आणि केज कापायला घेतलास. दोन तास लागले. शेवटी तुकड्यांचा ढीग झाला तेव्हा तू म्हणालास, "ह्यो ढीग दारातच राहू द्या." आणि शिडी लावून बोर्डावरचं माझं नाव पुसलंस. वहिनीला ते सांगताना वाईट वाटत होतं. मला नाही वाटलं. असू दे तसंच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. वाक एकशे पस्तीस मिलिमीटरचा, पाइपच्या व्यासाच्या तिप्पट. वाळू भरून, तापवून वाकवायचा नाही, जसा तू ट्रॉलीचा वाकवतोस. बेंडर मशीनवरच. घाई झाली तरी. केजचे पाय चेसिसला, खालच्या पत्र्याला नाहीत. मागच्या वेळी तू पत्र्यालाच टाकले होतेस, तेही मी पाहिलं होतं आणि लिहिलं नव्हतं. कारण एक एक बोलता बोलता माझ्या पत्राला अंत राहिला नसता.

मला तुझा राग अजून आहे. तू अजून एकदाही चुकलं म्हणाला नाहीस, आणि म्हणशील असं मला वाटत नाही. मीही तुझी माफी मागायला येत नाही, पूजेतलं मशीन उचलल्याबद्दल तर नाहीच नाही. तशीच वेळ आली तर पुन्हा उचलीन.

सोळा तारखेला रविवार आहे. त्या दिवशी स्वराज डोंगरात असणार होता. त्याला तुझ्या वर्कशॉपवर बोलव. राजनंदिनीलाही. पाइप आला असेल तर त्याला हात लावायच्या आधी, मापाला कापायच्याही आधी, त्यांच्यासमोर पहिलं भोक पाडायचं. तार आत घालायची, व्हर्नियरवर धरायची, आकडा राजनंदिनीने वाचायचा. मोठ्याने.

ड्रिल मी आणते. कुंकू पुसलेलं नाही, ते तू पूस. पण भोक मी पाडणार. पाइप तू घट्ट धर.

प्रांजल